'पायलटेज'ला मराठीत काय म्हणाल?

शांघाय बंदराविषयी लिहिताना अडलोय. बंदरात शिरणाऱ्या जहाजाला वाट दाखवणारा तो पायलट. पण 'पायलटेज'ला काय म्हणायचं? 'नौकानयन मार्गदर्शन सेवा' घशाखाली उतरत नाही. 'वाटाड्या'वरून काही जमेल का?

---

माणसाला 'वाटाड्या' छानच. दोरशिडीने जहाजावर चढतो, पांढरा-लाल बावटा वर जातो, मग कप्तानाशेजारी उभा राहून "डावीकडे, अजून थोडं" असं सांगत राहतो. सुकाणू दुसऱ्याच्या हातात असतं, म्हणून 'सुकाण्या' नको. 'तांडेल' आणि 'नाखवा' तर होडीचे स्वतःचे. हा त्या पाण्याचा माणूस.

पण शांघायच्या बाबतीत 'सेवा' हा शब्दच तोकडा आहे. चिनीत पायलटेजला 'यिनश्वेई' म्हणतात, शब्दशः 'पाणी दाखवत नेणं'. पुढे 'छ्वान' म्हणजे हक्क जोडला की 'यिनश्वेईछ्वान', आणि परक्यांनी बळकावलेल्या हक्कांत चिनी राष्ट्रवादी हाही मोजत. उगाच नाही. शांघाय समुद्रावर नाहीच. यांगत्सेच्या मुखातला गाळ चुकवत यायचं, मग वुसोंगपासून हुआंगपू नदीत वीसेक किलोमीटर आत. गाळ सरकत राहतो, कालचा नकाशा आज खोटा. 1868च्या नियमांत चिन्यांनाही परवाना मिळे; शतक संपेतो ते नावापुरते उरले. परवाने परदेशी हातांत, त्यातही ब्रिटिशांचं वजन मोठं.

युद्धात याला धार येते. कुठलं जहाज पाण्यात किती खोल बसलंय, कधी सुटणार, हे ज्याचा पायलट त्याला आधी कळतं.

---

तारखांची गंमत बघा. 1937 मध्ये शांघायभोवतीचा मुलूख जपानने घेतला, 8 डिसेंबर 1941ला परदेश्यांच्या कारभाराखालची आंतरराष्ट्रीय वसाहतही. आणि 11 जानेवारी 1943ला चीनशी झालेल्या करारांच्या वेळी ब्रिटन-अमेरिकेने चिनी बंदरांत परदेशी पायलट नेमण्याचे आपले विशेष हक्क सोडले. युद्धकाळात चुंगकिंगहून चालणाऱ्या चिनी सरकारला हक्क परत मिळाला, पण शांघायची गोदी जपान्यांकडे! जे हातात नाही ते सोडायला काय जातंय, असं मला तरी वाटतं.

---

मग कामाला 'वाटाडेपण' आणि हक्काला 'वाटाडेहक्क'?

---

'वाटाडेपण' स्वभाव वाटतो, 'वाटाडेगिरी' थट्टा. मी 'पायलटेज' तसंच ठेवीन आणि भांडणाच्या जागी सरळ लिहीन: जहाज आत कोण आणणार, याचा हक्क.