एम.ए. इंग्रजीची सीयूईटी : गोष्टी येतात, क्रम येत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकीच्या विभागात टाकला असेल तर हलवा.

बारावीपर्यंत मराठी माध्यम, मग लातूर जिल्ह्यातच बी.ए. इंग्रजी. आता सीयूईटी-पीजी (केंद्रीय विद्यापीठांत एम.ए.ला प्रवेश मिळवण्याची सामाईक परीक्षा) द्यायचीय. जेएनयू (दिल्ली) किंवा हैदराबाद विद्यापीठ मिळावं अशी इच्छा आहे, कुठलंही मिळालं तरी पेढे वाटीन. हातात चार महिने. दिवसभर काकांच्या झेरॉक्सच्या दुकानात असते, म्हणजे अभ्यासाला संध्याकाळी सात ते दहा.

२०२५ चा नमुना धरला तर ७५ प्रश्न, ९० मिनिटं, बरोबरला ४ गुण, चुकलं की १ वजा. परवा घड्याळ लावून एक सराव पेपर सोडवला. सगळेच्या सगळे ठोकले. ३४ बरोबर, ४१ चूक. म्हणजे ३०० पैकी ९५. त्या ४१ मधले निम्मे तरी निव्वळ तुक्के होते.

खरं सांगते, बी.ए.ला मूळ संहिता म्हणून पूर्ण वाचलं ते फक्त 'मॅकबेथ'. बाकी सगळं गाईड आणि सरांनी सांगितलेले 'हमखास' प्रश्न. त्यामुळे कथानक विचारा, धडाधड सांगेन. पण 'खालील कलाकृती कालानुक्रमे लावा' आलं की हातपाय गार. मिल्टनच्या 'पॅराडाइज लॉस्ट' महाकाव्याचे सर्ग १० की १२, यावरच पाच मिनिटं गेली, कारण माझ्याच वहीत एका पानावर १० आहेत आणि दुसऱ्यावर १२. आणि छंद! आयंब, ट्रोकी, अ‍ॅनापेस्ट (इंग्रजी ओळीतले अक्षरांचे गट)... व्याख्या पाठ आहेत, ओळ समोर आली की काही दिसत नाही.

तर सनावळ्या घोकत बसू की मूळ पुस्तकं वाचू? दोन्ही करा असं सांगू नका प्लीज, तीन तासच आहेत.

प्रतिसाद : एखादा ऑनलाइन क्लास लाव. एवढं सगळं एकटीने होत नाही.

धागाकर्ती : फी परवडली असती तर इथे आले नसते हो.

प्रतिसाद : क्लास राहू दे. सर्गांचं आधी सांगतो, तुझ्या वहीतली दोन्ही पानं बरोबर आहेत. १६६७ ला पहिल्यांदा छापलं तेव्हा १० सर्ग, १६७४ च्या दुसऱ्या आवृत्तीत मिल्टनने त्याचेच १२ केले. आणि १६७४ म्हणजे काय? शिवराज्याभिषेक! त्याच वर्षी मिल्टन वारला. आता विसरून दाखव.

मी असाच अभ्यास केला होता. नुसती सनावळी डोक्यात राहत नाही, आपल्याला आधीच पाठ असलेल्या सालांना टांगली की राहते. १८१८ ला पेशवाई बुडाली, त्याच वर्षी मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' कादंबरी आली. १८०० ला नाना फडणवीस गेले, आणि 'लिरिकल बॅलड्स' या कवितासंग्रहाच्या १८०० च्या आवृत्तीला वर्डस्वर्थने ती गाजलेली प्रस्तावना जोडली (पहिली आवृत्ती १७९८ ची, इथे हमखास फसवतात). मधल्या खुंट्या तू ठोक. १६४२ ला लंडनची नाटकगृहं बंद, १६६० ला इंग्लंडचा राजा परत आला (हेच रेस्टोरेशन) आणि नाटकंही. मग रेस्टोरेशनचं नाटक १६६० च्या आधी लावलेलं दिसलं की तो पर्याय डोळे झाकून उडवायचा. अशाने नेमकं साल माहीत नसलं तरी क्रम लागतो. विचारतात तो क्रमच.

प्रतिसाद : छंदाबद्दल. शाळेत 'यमाताराजभानसलगं' म्हटलंय ना? मग अर्धं काम झालंय. ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू; आयंब म्हणजे लगा, ट्रोकी म्हणजे गाल. स गण (ललगा) तो अ‍ॅनापेस्ट, भ गण (गालल) तो डॅक्टिल. लगा पाचदा आलं की आयँबिक पेंटामीटर. फरक एकच, पण मोठा : आपण अक्षर लघु की गुरू हे बघतो, इंग्रजीत जोर कुठे पडतो ते बघायचं. 'अबाउट' म्हणताना जोर शेवटी, म्हणून लगा. 'टेबल'मध्ये सुरुवातीला, म्हणून गाल. मराठी माध्यमवाल्यांचा घोळ इथेच होतो, कारण आपण सगळी अक्षरं सारख्याच जोराने वाचतो. शेक्सपिअरची १५४ सुनीतं फुकट मिळतात, रोज एक मोठ्याने वाच, टेबलावर बोटाने ताल धर. दुकानात गिऱ्हाईक नसताना कर. संज्ञांसाठी एब्रम्सचा साहित्य-संज्ञांचा कोश जवळ ठेव, पण सलग वाचू नकोस, झोप येते.

आणि मूळ पुस्तकं की सनावळ्या, याचं उत्तर म्हणजे कविता मूळ वाच, कादंबऱ्यांना हात लावू नकोस. चार महिन्यांत 'मिडलमार्च'सारखी जाडजूड कादंबरी वाचायला घेतलीस तर परीक्षा संपेल, ती नाही.

धागाकर्ती : १६७४ चं वाचून मोठ्याने हसले, काका विचारत होते काय झालं. दोघांचेही खूप आभार. काल रात्री जुन्या पेपरातले क्रमाचे दहा प्रश्न घेतले, सात बरोबर, आणि दोन चक्क सोडून दिले! छंदाला अजून वेळ लागेल, 'टेबल' जमतं पण तीन अक्षरी शब्द आला की बोट अडखळतं.

आता राहिली थिअरी, म्हणजे साहित्य-सिद्धांत. भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरचं पुस्तक १९१६, 'ओरिएंटॅलिझम'वाल्या सईदचं १९७८ अशी साल-नावाची जोडी लागते, पण 'विधान आणि कारण' प्रकारात दोन्ही वाक्यं मला खरीच वाटतात. कारण त्या विधानाचंच आहे की नुसतं शेजारी बसलंय, हे ओळखायचं कसं? एखादं उदाहरण सोडवून दाखवेल का कोणी?