शब्दचर्चा : सरकारनं हद्द ओलांडली, तर त्याला काय म्हणायचं?

पांझराकाठ (धुळे तालुका), 31 ऑगस्ट 2025

आमच्या वाचनालयाबाहेर फळा आहे. दर रविवारी मी त्यावर आठवड्याच्या चार बातम्या माझ्या शब्दांत लिहितो. आज एका बातमीवर खडू अडला.

शुक्रवारी अमेरिकेच्या अपील न्यायालयानं 7 विरुद्ध 4 मतांनी निकाल दिला. अध्यक्ष ट्रम्प यांनी आणीबाणीच्या कायद्याचा आधार घेऊन बहुतेक देशांवर लावलेलं आयातशुल्क त्यांच्या अधिकारात बसत नाही, असा तो निकाल. कर बसवायचा अधिकार तिथल्या राज्यघटनेनं काँग्रेसला, म्हणजे त्यांच्या संसदेला दिलेला आहे. ज्या 1977 च्या कायद्यावर अध्यक्षांनी बोट ठेवलं, त्यात आयातीचं 'नियमन' असा शब्द आहे. शुल्क, जकात यांचा उल्लेखच नाही. नियमनात करवसुली बसते का, एवढ्या एका शब्दावर सगळा खटला उभा होता.

आता मला शब्द हवाय तो इंग्रजी 'ओव्हररीच'साठी, म्हणजे अधिकाराची हद्द ओलांडण्यासाठी. शब्दकोशी 'मर्यादातिक्रमण' फळ्यावर लिहिलं, तर पाठीवर फवारणीचा पंप घेऊन जाणारा माणूस थांबणार नाही. 'हुकूमशाही' फार मोठा आहे. तो शब्द सगळं बुडाल्यावर वापरायचा. इथं सरकार निवडून आलेलं आहे, कोर्ट चालू आहे, फक्त एक पाऊल पुढं पडलंय. त्या पावलाला नाव हवं, तुम्हीही सुचवा.

आणि ही बातमी आपल्यापासून लांबची नाही. 27 ऑगस्टला बऱ्याच भारतीय मालावर अमेरिकेत 50 टक्के शुल्क लागू झालं. कापडगिरण्यांना आधार म्हणून दिल्लीनं 19 ऑगस्टपासून कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क काढलं, आधी 30 सप्टेंबरपर्यंत आणि आता थेट 31 डिसेंबरपर्यंत. आपला कापूस वेचून घरात येतो तो नेमका त्याच दिवसांत. वॉशिंग्टनमधल्या माणसानं सही केली आणि किंमत शिंदखेड्याच्या शेतकऱ्यानं मोजायची. म्हणून शब्द नीट हवा.

तापीकाठ (रावेर), 1 सप्टेंबर

नाना, 'जबरदस्ती' का नको? फारसीत 'जबर' म्हणजे वरचा आणि 'दस्त' म्हणजे हात. ज्याचा हात वर, तो जबरदस्त. आमचे आजोबा असल्या वेळी म्हणायचे, "मोगलाई लागून गेली का इथं?" अजिंठ्याच्या डोंगरापलीकडं निजामाचा मुलूख होता, त्याला आपल्याकडं मोगलाईच म्हणत. खानदेशात 1818 पासून इंग्रज, म्हणून मोगलाई नेहमी पलीकडची. पण इकडच्या सरकारनं तरी काय सोडलं होतं? 1852 मध्ये जमीनमोजणीविरुद्ध आमच्या सावदा-फैजपूरकडचे शेतकरी जमले, तेव्हा पलटण आणून पुढाऱ्यांना धरलं. दुसऱ्याच्या राज्याचं नाव घेऊन आपल्या राज्यातला अन्याय सांगायची ही जुनी सवय आहे आणि मला ती पटत नाही.

जाता जाता एक गोष्ट. इंग्रजीतला 'टॅरिफ' आणि आपली 'तारीफ' या सख्ख्या बहिणी. दोन्ही अरबी 'तारीफ'पासून आलेल्या, मूळ अर्थ माहिती देणं, जाहीर करणं. एक इटलीमार्गे युरोपात गेली आणि शुल्काची यादी झाली. दुसरी फारसीतून आपल्याकडं आली आणि स्तुती झाली. ट्रम्प यांनी 2024 च्या ऑक्टोबरात शिकागोत म्हटलं होतं, की शब्दकोशातला सर्वांत सुंदर शब्द 'टॅरिफ'. आपली 'जकात'ही अशीच फिरून आलीय. मूळ धर्मादाय दान, आपल्याकडं नाक्यावरची वसुली.

पांझराकाठ

तारीफचं माहीत नव्हतं, फार छान. पण भाऊ, जबरदस्ती फक्त जोर सांगते. हद्द कुणाची होती आणि ती ओलांडली का, हे त्या शब्दात येत नाही. न्यायालयानं हात किती वर आहे ते मोजलं नाही, रेषा कुठं आहे ते पाहिलं.

सातपुडा (अक्राणी), 3 सप्टेंबर

नाना, शब्द तुमच्यासमोरच आहे. अतिक्रमण. तुम्हाला तो सुचला नाही, कारण मराठीत तो सरकारनं स्वतःकडं ठेवून घेतलाय.

रस्त्याकडेची केळ्यांची हातगाडी म्हणजे अतिक्रमण. गावठाणाबाहेरची झोपडी म्हणजे अतिक्रमण. आमच्या डोंगरातली आजीची नागलीची (नाचणीची) पट्टी, जी तिच्या सासऱ्यानं कसली होती, तीसुद्धा अतिक्रमण. कागदावर आजीच्या नावापुढं 'अतिक्रमणधारक' असं लिहिलेलं मी स्वतः वाचलंय. मी तेव्हा सहावीत होते. तिला अर्थ सांगताना माझ्या तोंडून शब्द फुटेना. ती विचारत होती, "धारक म्हणजे मालकच ना?"

मग 2006 चा वनहक्क कायदा आला. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून वनजमीन कसत असलेल्या आदिवासींना त्यानं हक्क दिला आणि कायद्याच्या सुरुवातीलाच मान्य केलं, की या लोकांवर 'ऐतिहासिक अन्याय' झाला. म्हणजे पाऊल कुणाचं पुढं पडलं होतं? ज्यानं पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवर रेघ ओढली, त्याचं. पण कार्यालयांतल्या तोंडातून 'अतिक्रमणधारक' अजून गेलेला नाही. दावा मंजूर झालेल्या माणसालाही तो ऐकावा लागतो. याचा मला अजून राग येतो.

'क्रम' म्हणजे पाऊल. आक्रमण, पराक्रम, संक्रमण सगळे त्याच धातूचे. 'अति'सह ते पाऊल मर्यादेच्या पलीकडं पडतं. यात हद्द आहे, पाऊल आहे आणि टाकणाराही आहे. फक्त वाक्यात कर्त्याच्या जागी सरकारला बसवायची सवय आपण लावून घ्यायला हवी.

कानकाठ (साक्री), 4 सप्टेंबर

ताई, तुमचं वाचून दिवसभर सुचत नव्हतं. अतिक्रमण मान्य. पण एकदम उघड पडलेल्या पावलासाठी. हळूहळू होतं त्याचं काय? त्याला शेतकऱ्याकडं शब्द आहे: बांध कोरणं. शेजारी दरसाल नांगर एक वीत आत घालतो. वीतभरासाठी कोण भांडणार म्हणून आपण गप्प बसतो. दहा वर्षांनी जमिनीचा पट्टाच गेलेला असतो आणि बांध तिथंच होता असं तो शपथेवर सांगतो. आमच्याकडं सरळ म्हणतात, "तो बांध कोरी ऱ्हायना," म्हणजे कोरतोय.

सरकारचं बरंचसं काम या जातीचं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली निघणारे मनाई आदेश घ्या. जमाव-मिरवणुकीवरची बंदी राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय 15 दिवसांपेक्षा जास्त चालत नाही, असं कायदाच म्हणतो. पण पंधरवडा संपला की नवा आदेश, सण आला की नवा आदेश. अपवादाचं कलम रोजच्या वापराचं झालं. आम्ही कांद्याच्या भावासाठी निवेदन द्यायला निघालो, की आधी बघावं लागतं, आज मनाई आहे का.

कांद्याचंही तेच बघा. 2023 च्या ऑगस्टमध्ये 40 टक्के निर्यातशुल्क. डिसेंबरात निर्यातबंदी, 31 मार्चपर्यंतची म्हणून, मग ती पुढं ढकलली. मे 2024 मध्ये उठवली तर टनाला 550 डॉलर किमान निर्यातमूल्य आणि पुन्हा 40 टक्के शुल्क. शुल्क पूर्ण गेलं ते 1 एप्रिल 2025 ला. प्रत्येक वेळी शब्द वेगळा, माल मात्र तेवढाच अडलेला.

तापीकाठ

कानकाठ भाऊ, बांध कोरणं हा शब्द महाराष्ट्राच्या जनसुरक्षा विधेयकालाही लागतो. जुलैत दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. निशाणा कडव्या डाव्या संघटनांवर आहे म्हणतात. असेलही. पण मला भीती व्याख्येची. आज एका नावासाठी केलेली ढिली व्याख्या उद्या दुसऱ्या नावाला बसते, आणि शीर्षकात 'जन' आणि 'सुरक्षा' असल्यावर विरोध करणारा जनाचा वैरी ठरतो. शब्दचर्चेत हेही यायला हवं, की कायद्याचं नाव ठेवतानाच अर्धी लढाई जिंकलेली असते.

सातपुडा, 9 सप्टेंबर

आज नंदुरबारला गेले होते. हुतात्मा शिरीषकुमारचा दिवस. 9 सप्टेंबर 1942, मिरवणूक, हातात तिरंगा, वय 15. त्याच्यासह पाच जण गोळीबारात गेले. चौकात फुलं वाहून घरी आले आणि काठमांडूच्या बातम्या वाचल्या. नोंदणी केली नाही म्हणून नेपाळ सरकारनं 26 समाजमाध्यमं बंद केली, पोरं रस्त्यावर आली आणि काल एका दिवसात 19 जीव गेले. त्यात गणवेशातली पोरंही होती. बंदी रात्रीच उठवली, पंतप्रधान ओलींनी आज राजीनामा दिला. आपल्या वाहिन्यांवर शब्द काय, तर 'जेन झीचा उद्रेक'. उद्रेक पोरांचा. गोळीबाराला मात्र 'झाला'. कुणी केला ते क्रियापदात नाहीच. 1942 बद्दलही आपण 'गोळीबार झाला' असंच शिकवतो, मी स्वतः वर्गात तसंच शिकवत आले. उद्यापासून 'इंग्रज पोलिसांनी गोळ्या झाडल्या' असं सांगणार आहे.

पांझराकाठ, 14 सप्टेंबर

आजच्या फळ्यावर लिहिलं ते इथं उतरवतो.

'अमेरिकेच्या अध्यक्षांनी संसदेच्या अधिकारावर अतिक्रमण केलं, असं तिथल्या न्यायालयानं ठरवलं.'

'नेपाळच्या सरकारनं 26 समाजमाध्यमं बंद केली. पोलिसांनी आंदोलकांवर गोळ्या झाडल्या.'

खाली, रेघ मारून: 'बांध कोरणं चालू आहे का? मनाई आदेश कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, ते वाचनालयातल्या वहीत लिहून ठेवत आहोत.'

दुपारपर्यंत तीन जण थांबले. एकानं विचारलं, अतिक्रमण तर आपण करतो ना, सरकार कसं करेल? त्याला ताईंच्या आजीची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ फळ्यासमोर उभा होता. मग त्यानं वही मागितली आणि मागच्या पंधरवड्याच्या आदेशाची तारीख त्यात लिहिली. त्याला ती पाठ होती, कारण त्या दिवशी त्यांचा मोर्चा परत फिरवला होता.