इंटॅग्लिओ: मराठीत काय म्हणावं?

प्रश्न:
मी बीएफएच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय प्रिंटमेकिंग. वार्षिक प्रदर्शनात चित्रांखालच्या पट्ट्या यंदा मराठीतून लिहायच्या ठरल्या आहेत आणि ते काम माझ्याकडे आलंय. लिथोला शिळाछाप लिहिलं, वुडकटला काष्ठछाप. इंटॅग्लिओपाशी, म्हणजे पत्र्यावरच्या खाचेत शाई भरून छापायच्या पद्धतीपाशी, अडकले. मूळ इटालियन उच्चार ‘इंताल्यो’च्या जवळ जातो, पण आमच्या स्टुडिओत सगळे इंटॅग्लिओच म्हणतात. परिभाषेत तिच्या एका प्रकाराला, एचिंगला, ‘अम्लरेखन’ सापडलं. संपूर्ण पद्धतीला नाव हवंय, आणि ते प्रदर्शनाला आलेल्या माणसाला वाचताक्षणी कळायला हवं.

प्रतिसाद:
हिंदीत ‘उत्कीर्णन’ वापरतात. मला ‘कोरीव छपाई’ जवळची वाटते. आपल्याकडे ताम्रपटांची परंपरा आहे. शिवाय १८०५ मध्ये मिरजेत तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून गीता छापली गेली. त्या कामाची सुरुवात पुण्यात नाना फडणवीसांच्या काळात झाली होती. कोरणं हा शब्द त्या कारागिरांचाच असणार.

प्रतिसाद:
मिरजेच्या गीतेची आठवण काढलीत, फार बरं वाटलं. पण ताम्रपट आणि छापायचा पत्रा यांत एक मोठा फरक आहे. ताम्रपट वाचायचा असतो, म्हणून त्यावर अक्षरं सुलट. छापायच्या पत्र्यावर ती उलटी कोरावी लागतात. पहिल्या वर्षाची मुलं सही सुलट कोरतात आणि प्रूफ निघालं की आरशात वाचतात.

‘कोरीव’ला माझी हरकत वेगळी आहे. मी बरीच वर्षं हे काम करते आणि शिकवते. एन्ग्रेव्हिंगमध्ये ब्यूरिन नावाचं टोकदार हत्यार हाताच्या जोराने पुढे ढकलून धातूची तार काढतात, तिथे कोरणं अगदी बरोबर. ड्रायपॉइंटमध्ये टोकदार सुईने ओरखडा काढतो. धातू निघून जात नाही, रेषेच्या कडेला उचलला जातो. वर्कशॉपमध्ये त्या कडेला ‘बर’ म्हणतात. शाई तिथे अडकते म्हणून रेष मखमली येते, आणि प्रेसच्या दाबाने ती कड बसत जाते म्हणून चांगल्या प्रती थोड्याच निघतात. एचिंगमध्ये तर आपण पत्र्याला हातच लावत नाही. मेण, राळ आणि डांबर यांचं ग्राउंड, म्हणजे थर, लावायचं, सुईने फक्त ते ग्राउंड खरवडायचं, पुढचं काम अॅसिडचं. त्याला कोरीव म्हटलं तर बघणारा हातोडी-छिन्नी डोळ्यांसमोर आणील.

या सगळ्यांत सारखी गोष्ट एकच: शाई पृष्ठभागाच्या खाली, खाचेत राहते. पत्राभर शाई चोपडायची, खळ घातलेल्या विरळ कापडाने पुसत आणायची, शेवटी तळव्याने. वरची शाई जाते, खाचेतली उरते. मग भिजवून टिपलेला कागद, त्यावर फेल्ट, आणि प्रेसचा दाब असा की ओला कागद खाचेत शिरून शाई घेऊन बाहेर येतो. म्हणून छापलेल्या रेषेवरून बोट फिरवलं तर ती किंचित उंच लागते. काष्ठछापात याच्या उलट, शाई उंचवट्यावर. तेव्हा नाव कृतीवरून नको, शाई कुठे राहते त्यावरून ठेव: ‘खाचछाप’. शिळाछाप, काष्ठछाप यांच्या रांगेतही बसतं.

प्रतिसाद:
‘अम्लरेखन’बद्दल थोडं, मी रसायनशास्त्राचा आहे. जस्ताचा पत्रा सौम्य नायट्रिकमध्ये टाकता तोवर ते चालेल. (अॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अॅसिडमध्ये कधीच नाही, नव्या मुलांना हे रोज सांगा.) तांबं मात्र पुष्कळ ठिकाणी फेरिक क्लोराइडमध्ये टाकतात, आणि ते अम्ल नव्हे, क्षार आहे. जस्त तर मोरचूद आणि मिठाच्या पाण्यातही उतरतं. तिथे अम्लरेखन कसं म्हणणार? तुम्ही मुलं आपसात काय म्हणता?

प्रश्नकर्ती:
आम्ही ‘बाइट’ म्हणतो. बाइट दिला, बाइट कमी पडला. पण आमचे लॅबमधले काका म्हणतात, “पत्रा अजून खाल्ला नाही गं, राहू दे.” नायट्रिकमध्ये रेषांवर बुडबुडे साचतात, ते पिसाने झटकायलाही त्यांनीच शिकवलं.

प्रतिसाद:
काकांचा शब्द घे! गंज लोखंड खातो, वाळवी लाकूड खाते, तसं अॅसिड पत्रा खातं. ‘चावा’ करू नकोस, तो कुत्र्याचा. ‘खाणे’ अम्लालाही चालतं, क्षारालाही. राळ, मोरचूद, जस्त, कानस, पॉलिश पेपर हे शब्दही तसेच ठेव. अॅक्वाटिंटला कुणी ‘जलछटा’ सुचवेल, ते टाळ. त्यात जलरंगासारखी छटा येते एवढंच. प्रत्यक्षात राळेची पूड पत्र्यावर बसवून खालून तापवायची, आणि दाण्यांच्या मधला धातू खाल्ला जातो. स्पॅनिश चित्रकार गोयाने १७९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ८० चित्रांच्या ‘कॅप्रिचोस’मधला काळोख असाच आलेला आहे. वर्णन करायचं तर ‘राळेची छटा’ म्हण.

प्रतिसाद:
खाचछाप आवडलं, पण एक अडचण. कृष्णा रेड्डी आणि कैको मोती या प्रिंटमेकरांनी पॅरिसच्या अॅतलिए १७ या स्टुडिओत जी व्हिस्कोसिटी पद्धत घडवली, तिचं काय? तिथे खाचेतही शाई असते आणि वरच्या पातळ्यांवरही. तेल कमी-जास्त केलेल्या शाया कडक आणि मऊ रोलरने एकाच पत्र्यावर चढवतात आणि सगळे रंग एकाच वेळी छापतात. तिला निव्वळ खाचछाप म्हणणं अपुरं आहे.

प्रतिसाद:
खरं आहे. तिथे ‘बहुरंगी खाचछाप, व्हिस्कोसिटी पद्धत’ असं लिहावं. सगळं एका शब्दात कोंबायचा हट्ट नको.

प्रश्नकर्ती:
आणखी एक विचारते. ३/८ च्या आधी ‘प्रत’ लिहू का? माझ्या मावशीने विचारलं, “ही प्रत, तर मूळ कुठाय?”

प्रतिसाद:
‘प्रत’च लिही. पुस्तकाची प्रत म्हणतो तेव्हा आपण नक्कल म्हणत नाही. मावशींना सांग की पत्रा हे साधन आहे, चित्र कागदावरच पहिल्यांदा जन्मतं, म्हणून आठही मूळच. फोटोवरून यंत्राने काढलेल्या पोस्टरला ‘प्रतिकृती’ म्हण, म्हणजे घोटाळा राहणार नाही. आकड्यांत खालचा एकूण प्रतींचा, वरचा या प्रतीचा. शिकताना काढलेल्या चाचणीच्या प्रिंट त्यात मोजू नकोस, त्यांवर ‘प्रूफ’ लिही.

प्रश्नकर्ती:
मग पट्टी अशी करते: ‘खाचछाप (एचिंग व अॅक्वाटिंट), जस्ताचा पत्रा, प्रत ३/८’. माप कशाचं देऊ, पत्र्याचं की कागदाचं?

प्रतिसाद:
दोन्ही दे, आधी पत्र्याचं. कागदावर पत्र्याच्या कडेची जी दबलेली चौकट उमटते, तेच चित्राचं माप. आणि फ्रेम करणाऱ्याला बजाव की माउंट त्या चौकटीवर चढवू नकोस, बाहेर बोटभर कागद दिसू दे. सही आणि आकडे पेन्सिलीने तिथेच असतात.