पासवर्ड चुकला की दोन सेकंद थांबतं, ते काढायचं कुठून?

टर्मिनलवेडा: डेबियन लिनक्स आहे, टेस्टिंगची व्हीएम (व्हर्च्युअल मशीन). सुडोला (रूट म्हणजे अॅडमिनच्या हक्काने कमांड चालवणारा) पासवर्ड चुकला की दोनेक सेकंद ढिम्म बसतं, मग "सॉरी, ट्राय अगेन". लॉगिन डॉट डेफ्स या सेटिंगच्या फाईलमध्ये फेल-डिले (चुकल्यावर थांबायचे सेकंद) ० केलं, रीबूट पण मारलं, फरक शून्य. कन्सोलवर, म्हणजे मशीनच्या थेट लॉगिनला, तर अजून जास्त थांबतं. ही फाईल कोणी वाचतं तरी का?

जुना_खोडकर: त्याच ओळीच्या डोक्यावरची कॉमेंट वाचली नाहीस ना? तिथेच लिहिलंय की पॅम (लिनक्सची पासवर्ड तपासणारी यंत्रणा) असेल तर तिची काही मॉड्यूल स्वतःचा किमान डिले लावतात, आणि उदाहरण म्हणून पॅम-युनिक्स या नेहमीच्या पासवर्ड तपासणाऱ्या मॉड्यूलचे २ सेकंद दिलेत. त्याच्या सोर्समध्ये पण तसंच, सपोर्ट डॉट सी उघड, पॅम-फेल-डिले या फंक्शनला सरळ २०००००० पाठवलाय, मायक्रोसेकंदात. त्या ओळीच्या वर एक इफ आहे, नोडिले ऑप्शन दिला असेल तर हा कॉलच होत नाही. कॉमन-ऑथमध्ये (सगळ्या प्रोग्रामची सामायिक पॅम फाईल) पॅम-युनिक्सच्या ओळीला शेवटी नोडिले जोड, काम झालं.

टर्मिनलवेडा: सुडो सुटला!! कन्सोल मात्र अजून तीनेक सेकंद घेतोय, आणि दरवेळी वेगळे, कधी कमी कधी जास्त.

रूटकॉज: कारण पॅम डॉट डी या फोल्डरमधल्या लॉगिन फाईलीत पॅम-फेलडिले नावाचं मॉड्यूल वेगळं बसलंय, डिले=३०००००० घेऊन. मॉड्यूल कितीही असोत, सगळ्यांनी मागितलेल्यातला सर्वात मोठा डिले धरतात, बेरीज होत नाही, म्हणून आधी दोनवाला तीनवाल्याखाली झाकला गेला होता. कमी-जास्त होतं ते मुद्दाम, वेळ मोजून आत काय बिघडलं ते कळू नये म्हणून. आणि गंमत म्हणजे त्या ओळीतलं डिले= काढून टाकलंस तर ते मॉड्यूल आकडा लॉगिन डॉट डेफ्समधून उचलतो, म्हणजे तुझं ० तेव्हा कुठे कामाला येईल.

जुना_खोडकर: हो, पण कॉमन-ऑथ एसएसएच (नेटवरून लॉगिन) पण वापरतं हे विसरू नकोस, नेटवर उघड्या मशीनवर हे करायचं नाही. आणि पॅमला हात लावताना दुसऱ्या टर्मिनलमध्ये रूट शेल (आधीच अॅडमिन म्हणून लॉगिन झालेलं) उघडं ठेव. एकदा माझी एका अक्षराची चूक झाली आणि सुडोही आत घेईना, लॉगिनही, शेवटी रेस्क्यू मोडमधून (दुरुस्तीसाठीचं बूट) जाऊन ती ओळ दुरुस्त केली.

टर्मिनलवेडा: डिले= काढलं, कन्सोलही झटक्यात. रूट शेल उघडं ठेवलं नव्हतं, तुझा सल्ला आत्ता वाचला 😅