'रिअर विंडो'तला जेफ शेवटी बरोबर ठरला म्हणून त्याचं चोरून बघणं माफ होतं का?

पिंपळपान:
हिचकॉकचा 'रिअर विंडो' (१९५४) परत बघितला, आवडला, पण पटला नाही, म्हणून धागा काढतेय. शेवट सांगणार आहे, सत्तर वर्षं होऊन गेलीत त्यामुळे कुणी रागावू नका.

न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये जेफ नावाचा फोटोग्राफर पाय प्लास्टरमध्ये घेऊन व्हीलचेअरवर अडकलाय, उकाड्यामुळे सगळ्यांच्या खिडक्या सताड उघड्या, आणि हा दिवसभर मागच्या चौकातली बिऱ्हाडं बघत बसतो, आधी नुसत्या डोळ्यांनी, मग दुर्बिणीने, मग कॅमेऱ्याला ती हातभर लांब लेन्स लावून. समोरच्या थोरवाल्डची आजारी बायको अचानक दिसेनाशी होते, याला खुनाचा संशय येतो आणि तो खरा निघतो.

माझी तक्रार त्या "खरा निघतो"वरच आहे. जेफ काही एकट्या थोरवाल्डला बघत नव्हता. कमी कपड्यांत व्यायाम करणारी डान्सर, टेबलावर दोघांचं मांडून न आलेल्या पाहुण्याशी बोलत बसणारी ती एकटी बाई, पडदा ओढून घेणारं नवीन जोडपं, यांनी कुणाचं काय बिघडवलं होतं? पण एक खुनी सापडला की बाकीच्या सगळ्या घरांत डोकावलेलंही खपून जातं. शेजाऱ्यांवर पाळत ठेवायच्या थ्रिलर्सची ही खोडच आहे, बघणारा बरोबर ठरतो आणि त्याच्या नजरेने बघणारे आपण निर्धास्त होतो. थोरवाल्ड निर्दोष निघाला असता तर सिनेमा जास्त खरा झाला असता, हे माझं ठाम मत.

तिसरा मजला:
अजिबात सहमत नाही. तुम्ही सगळ्यांच्या प्रायव्हसीचा विचार केलात, जी मेली तिचा एका ओळीत निकाल लावलात. ॲना थोरवाल्ड अंथरुणाला खिळलेली, तिची चौकशी करायला कुणी येत नाही, नवरा म्हणतो गावाला गेली आणि सगळ्यांना ते पटतं. जेफचा पोलिसातला मित्र डॉयल चौकशी करतो आणि काही नाही म्हणून सांगतो. जेफ सभ्यपणे पडदा लावून झोपला असता तर तो माणूस सुटलाच होता की. बायकांवर घरात काय होतं हे बाहेर येतं तेच मुळी कुणीतरी शेजारी नाक खुपसतो म्हणून. "दुसऱ्यांच्या घरात आपण कशाला पडा" या वाक्याने किती जणींचं वाटोळं झालंय ते आजूबाजूला बघा.

रानजाई:
पिंपळपान, दिग्दर्शकाने जेफला माफ केलंय हेच मला मान्य नाही. जेफ खुर्चीत झोपलेला असताना पहाटे थोरवाल्ड काळ्या कपड्यातल्या एका बाईबरोबर घराबाहेर पडतो, तो सीन आठवा. जेफला ते दिसत नाही, फक्त आपल्याला दिसतं. म्हणजे अर्धा सिनेमा आपल्याला जेफपेक्षा जास्त माहिती असते आणि हा माणूस चुकतोय की काय ही शंका मुद्दाम आपल्या डोक्यात सोडलेली असते. आणि स्वतः जेफच विचारतो ना की दुर्बिणीने माणसाला असं बघणं नीतीला धरून आहे का, आणि त्याने गुन्हा केला नाही असं सिद्ध झालं तरी? शिवाय शेवटी दोन्ही पाय मोडतात त्याचे. एवढं सगळं दाखवूनही माफी दिली म्हणायचं तर मग काय करायला हवं होतं?

पिंपळपान:
पाय मोडले तरी तो मजेत झोपलेला दाखवलाय आणि शेजारी त्याची प्रेयसी, सुंदर लिसा बसलीय, ही शिक्षा नाही हो.

@तिसरा मजला, तुमचा मुद्दा गंभीर आहे म्हणून नीट सांगते. आपल्याकडे २००८ साली 'बेल बजाओ' मोहीम आली होती, जाहिराती आठवत असतील. शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज येतोय, माणूस उठतो, जाऊन दारावरची बेल वाजवतो आणि काहीतरी फुटकळ कारण सांगतो, थोडं दूध मिळेल का वगैरे. आत नवऱ्याला बरोबर कळतं की बाहेर ऐकू गेलंय. हे शेजारधर्माचं काम, आणि यात चोरून काहीच नाही, जो ऐकतो तो तोंड दाखवतो. जेफ काय करतो? बिननावाची चिठ्ठी पाठवतो, "तिचं काय केलंस?", आणि ती दाराखालून सरकवायला लिसाला पाठवतो. स्वतः अंधारात बसून लेन्समधून थोरवाल्डचा चेहरा कसा पडतो ते बघतो. बेल वाजवणारा आणि लेन्स लावणारा या दोघांना एका रांगेत बसवू नका.

तिसरा मजला:
त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता, बेल वाजवायला कसा जाणार होता? आणि बायको आधीच मेलेली, आता दूध मागायला जाऊन काय उपयोग. पुरावा लागतो तेव्हा लपूनच बघावं लागतं.

कलमदान:
कायद्याचं थोडं. आपल्याकडे २०१३ च्या दुरुस्तीने आयपीसीत ३५४ सी आलं, आता भारतीय न्याय संहितेत ते कलम ७७ आहे, बाईला तिच्या खासगी क्षणी चोरून बघणं किंवा तिचं चित्रण करणं हा गुन्हा, पहिल्यांदा सापडलात तर किमान एक वर्ष, जास्तीत जास्त तीन. खुनी पकडून दिला तर हे माफ अशी सूट त्यात कुठेही नाही. आणि २०२५ मध्ये कलकत्ता हायकोर्टाने एकाच घरात राहणाऱ्या भावांच्या भांडणात सांगितलं की बरोबर राहणाऱ्यांच्या संमतीशिवाय घराच्या राहत्या भागात सीसीटीव्ही चालवणं हा त्यांच्या खासगीपणाचा भंग आहे. तिथेही कारण सुरक्षेचंच होतं.

गॅलरीवाली:
माझं बालपण चाळीत गेलं. तिथे सगळ्यांना सगळं दिसायचं, पण ज्याला दिसायचं तोही दिसायचा. आमच्या मजल्यावर एक आजी एकट्या राहायच्या, एकदा सकाळी दहा वाजून गेले तरी दुधाची पिशवी कडीला तशीच लटकलेली, तर समोरच्या काकूंनी दार ठोठावून, हाका मारून शेवटी पोरांकडून दार फोडून घेतलं, आजी मोरीत पडल्या होत्या, वाचल्या. आता राहते त्या बिल्डिंगमध्ये समोरच्या दाराला कॅमेरा आहे, माझा उंबरठा त्यात पूर्ण येतो, माझ्याकडे कोण आलं किती वाजता गेलं हे त्यांच्या मोबाईलवर असतं, पण दोन वर्षांत त्यांनी मला नावाने हाक मारलेली नाही. मी तापाने चार दिवस पडून होते तेव्हा दार उघडलं नाही हे त्या कॅमेऱ्यात दिसलं असणारच. कुणी आलं नाही. म्हणून मी पिंपळपानच्या बाजूने.

रानजाई:
गॅलरीवाली, तुम्ही सांगताय तेच सिनेमात एक बाई ओरडून सांगते. वरच्या मजल्यावरचं जोडपं, कुत्र्याला टोपलीत बसवून दोरीने खाली सोडणारं. कुत्रा मेलेला सापडतो तेव्हा ती सगळ्या चौकाला ऐकवते की तुम्हाला शेजारी म्हणजे काय हे कळतच नाही, शेजारी एकमेकांशी बोलतात, कोण जगलं कोण मेलं याची त्यांना काळजी असते. सगळे खिडकीशी येतात, एकटा थोरवाल्ड येत नाही, अंधारात त्याची सिगारेट तेवढी पेटलेली दिसते. जेफला बाईचं ऐकूच येत नाही, त्याचं लक्ष त्या सिगारेटवर. इथे हिचकॉकने खुनीही पकडला आणि जेफलाही पकडलं, म्हणून तर हा सिनेमा पाळतीची जाहिरात नाही.

पिंपळपान:
हा सीन मी माझ्याच बाजूने धरते. आणि अंगठीचा सीनही. पुरावा शोधायला शिरून थोरवाल्डच्या घरात अडकलेली लिसा पाठीमागे हात घेऊन बोटात घातलेली ॲनाची लग्नाची अंगठी जेफला दाखवते, थोरवाल्डला ते दिसतं, तो मान वर करतो आणि थेट लेन्समध्ये बघतो. एवढा वेळ आरामात बघणारा जेफ तेव्हा काय करतो तर घाईघाईने दिवा घालवायला सांगतो. नंतर थोरवाल्ड त्याच्या खोलीत येऊन विचारतो, तुला माझ्याकडून हवंय तरी काय? जेफकडे उत्तर नाही. पैसे नकोत, ओळख नाही, ॲनाशी तो आयुष्यात एक शब्द बोललेला नाही.

तिसरा मजला:
खुन्याला उत्तर द्यायला तो बांधील नव्हता. ॲनासाठी कुणीतरी जागं होतं, हेतू कसाही असो, आणि जागा असणारा तो एकटाच होता. तुमच्या मनासारखा शेवट केला असता तर नवरे म्हणाले असते बघा, शेजाऱ्यांना उगाच संशय घ्यायची सवयच असते. तो सिनेमा मला नको.