एकाच घरी चार कार्यकर्त्या जातात, तरी मुलाच्या मनाची नोंद कोणाकडेच नसते: गावपातळीवर समन्वय कसा साधावा?

प्रश्न
सहायक शिक्षिका, जि. प. उच्च प्राथमिक शाळा, यवतमाळ जिल्हा

सर्वांना नमस्कार. आमचे गाव लहान आहे आणि बहुतेक घरे कोरडवाहू कापूस, सोयाबीन व तुरीवर चालतात. गावात दोन अंगणवाड्या, एक आशाताई, सातवीपर्यंतची शाळा आणि काही बचत गट आहेत; उपकेंद्र शेजारच्या गावी आहे. कागदावर पाहिले तर मुलांसाठी काम करणाऱ्या माणसांची वाण नाही. अडचण अशी आहे की प्रत्येक जण आपापले रजिस्टर घेऊन त्याच उंबरठ्यावर जातो आणि आपल्या रकान्यापुरते विचारून परत येतो.

गेल्या हंगामात चौथीतील एका मुलाचे वडील गेले. कर्जाचे कारण होते, तपशिलात जात नाही. पुढच्या काही आठवड्यांत त्या घरी महसूल विभागाचे कर्मचारी, आशाताई, धाकट्या बहिणीसाठी अंगणवाडीताई आणि शाळेतूनही कोणी ना कोणी गेले. प्रत्येकाने आईला "कसं झालं?" हेच विचारले आणि त्या माउलीने ते दर वेळी मुलाच्या देखत सांगितले. मुलगा आता नियमित शाळेत येतो, फळ्यावरचे सारे उतरवून घेतो, परंतु हजेरीच्या वेळी तोंडाने काहीच न बोलता फक्त हात वर करतो. हे शाळेला दिसते, आशाताईंना माहीत नाही. रात्री तो आईला अंगणातही एकटी जाऊ देत नाही. हे आशाताईंना माहीत आहे, शाळेला उशिरा कळले.

माझे प्रश्न दोन आहेत. या सर्वांना एकत्र बसवायचे तर कोणत्या समितीच्या नावाने बसवावे, आणि एका घराची माहिती दुसऱ्याला देताना तिची गावभर चर्चा होऊ नये यासाठी काय करावे? शिवाय पालक मेळाव्यांत "मुलांना मारू नका, मोबाइल देऊ नका" एवढेच सांगितले जाते, आया खाली मान घालून ऐकतात आणि घरी जातात, त्याचेही काही करता येईल का?

उत्तर १
निवृत्त मुख्यसेविका (अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका), एकात्मिक बालविकास सेवा योजना, वर्धा जिल्हा

ताई, कृपा करून नवी समिती काढू नका. ग्राम बाल संरक्षण समिती, ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती, शाळा व्यवस्थापन समिती आणि विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतील सखी सावित्री समिती, एवढ्या समित्या आधीच आहेत आणि त्यांत सह्या करणारी माणसे बहुधा तीच ती असतात. समन्वयासाठी मला कायम उपयोगी वाटलेली जागा म्हणजे दर महिन्याचा ग्राम आरोग्य व पोषण दिवस. त्या दिवशी आरोग्यसेविका, आशा, अंगणवाडी सेविका आणि मदतनीस तशाही अंगणवाडीत असतात. लसीकरण आटोपले की अर्धा तास दार लोटून बसावे आणि शाळेतून एका शिक्षिकेने तेवढ्यापुरते यावे. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी आले तर उत्तमच.

त्या अर्ध्या तासात आकडे काढू नयेत, ते अहवालात जातातच. विषय एकच ठेवावा: या महिन्यात कोणत्या घराला आधाराची गरज आहे आणि त्या घरी कोण जाणार. एका घरासाठी एकच माणूस ठरवावा, आणि तो आईने निवडावा. काही घरी सेविकेशी मोकळेपणाने बोलतात, काही घरी आशाशी. एखाद्या घरी मदतनीस मावशींशिवाय कोणाजवळ मन उघडत नाहीत. बाकीच्यांना काही विचारायचे असेल तर त्यांनी त्या माणसाला विचारावे, आईला नव्हे. आपण लिहिलेल्या घरी एवढे एक पथ्य पाळले असते, तर त्या बाईला तीच कहाणी पुन्हा पुन्हा सांगावी लागली नसती.

मेळाव्यांविषयी लिहिते. आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात 'आरंभ' या लहान मुलांच्या विकासासाठीच्या उपक्रमाचे काम सुरुवातीपासून झाले आहे. सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, युनिसेफ आणि एकात्मिक बालविकास सेवा योजना यांनी मिळून ते उभे केले. त्यातील पालक मेळाव्यात भाषण नसते. पालक मुलांसोबत जमिनीवर बसून वाटी, चमचे, दाणे आणि चिंध्यांचा चेंडू यांनी खेळतात. आपल्या सेविकांना हे प्रशिक्षण बहुधा मिळालेले असेल, त्यांना विचारून पाहा. तसेच माता व बाल संरक्षण कार्ड उघडून पाहा. बाळाशी कसे बोलावे, काय खेळावे याची चित्रे त्यात छापलेली असतात, परंतु गावोगावी त्या कार्डातले लसीकरणाचे पान मळलेले आणि ही पाने कोरी करकरीत आढळतात.

उत्तर २
आशा गटप्रवर्तक, अमरावती जिल्हा

मुख्यसेविका ताईंचे म्हणणे तत्त्वतः पटते, पण एक गोष्ट स्पष्ट लिहिते: "एका घरासाठी एक माणूस" असे ठरले की तो माणूस शेवटी आशाच होतो, आणि या कामाचा मोबदला कोणत्याच तक्त्यात बसत नाही. म्हणून वाटणी करताना तिच्याकडे आधीच ठरलेल्या भेटींचाच उपयोग करावा. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने उभी केली आणि पुढे ती देशभर आशांच्या कामात आली. त्यानंतर 2018 पासून बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातील गृहभेटी आल्या. या भेटींत वजन व आहाराबरोबर बाळाच्या विकासाविषयी बोलणे अपेक्षितच आहे. लहान बाळाचे घर आशाकडे आणि शाळकरी मुलाचे घर शिक्षकांकडे, अशी ढोबळ वाटणी झाली तर कोणा एकीवर भार पडत नाही.

वेळेचाही विचार करावा. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी दोनचा मेळावा ठेवला तर फक्त आज्या येतात. आज्यांनी येणे चांगलेच, कारण दिवसभर मूल त्यांच्याचजवळ असते. पण रात्री मुलाला ओरडणारा किंवा जवळ घेणारा बाप मेळाव्यात कधीच नसतो. आमच्याकडे काही गावांत रात्रीच्या जेवणानंतर मंदिराच्या सभामंडपात बसायला सुरुवात केली, तेव्हा पुरुष आधी कडेला उभे राहून ऐकू लागले आणि मग बसू लागले. विषयही बदलावा लागला. "मारू नका" म्हटले की पुरुष म्हणतात, "आम्हीही मार खाऊनच मोठे झालो." त्याऐवजी मूल हट्टाला पेटले आणि आपण वावरातून दमून आलो असलो तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचे, एवढेच बोलले की ते स्वतःचे प्रसंग सांगतात. दारूचा विषय अशाच बैठकीत निघतो. तो आपण काढू नये, त्यांना काढू द्यावा.

मेळघाटातील सहकाऱ्यांसाठी एक पुरवणी: हे बोलणे तेथील आदिवासींच्या कोरकू भाषेत व्हायला हवे. बाहेरून आलेल्या मॅडमनी मराठीत सांगितलेले लोक मान डोलावून ऐकतात, एवढेच.

उत्तर ३
समुपदेशक, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, वाशीम जिल्हा

गोपनीयतेविषयी विचारले आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. माहिती द्यायच्या आधी आईला विचारावे: "ताई, बाळ वर्गात गप्प असते हे मी आशाताईंना सांगू का?" ती नको म्हणाली तर सांगू नये. बैठकीत कारण सांगू नये, फक्त गरज सांगावी. "वडील कसे गेले" हे कोणालाही ठाऊक असण्याची आवश्यकता नाही. "मुलाला हजेरीच्या वेळी बोलायला भाग पाडू नये" एवढे सर्व शिक्षकांना ठाऊक असले म्हणजे पुरे. लेखी नोंद ठेवायचीच असेल तर ती एकाच वहीत, एकाच व्यक्तीजवळ असावी, आणि व्हॉट्सअ‍ॅप गटावर मुलाचे नाव किंवा छायाचित्र कधीही टाकू नये.

या नियमाला एक अपवाद आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले किंवा तशी शक्यता दिसली, तर पॉक्सो कायदा, 2012 नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तेथे संमतीची वाट पाहता येत नाही आणि गावात मिटवामिटवी करता येत नाही. अशा वेळी किंवा मूल अन्य कोणत्याही धोक्यात असेल तर 1098 ही बालकांसाठीची मदतवाहिनी चोवीस तास चालते.

आपल्या विद्यार्थ्याविषयी, प्रत्यक्ष न पाहता, एवढेच म्हणता येईल की वडील गेल्यानंतर गप्प होणे आणि आईला सोडून न राहणे हे दुःखाचे स्वाभाविक रूप असते. त्याला "बोल, बोल" म्हणू नये. वर्गात त्याला एखादे ठरलेले काम द्यावे, शाळेचा दिवस शक्य तितका एकसारखा ठेवावा, आणि वडिलांचा विषय त्याने काढला तर तो टाळू नये. मोठी माणसे विषय बदलतात, मग मूल समजते की हे बोलायचे नसते. झोप किंवा जेवण फार काळ बिघडलेले असेल, मूल मित्रांपासून पूर्ण तुटले असेल किंवा मरणाविषयी, स्वतःला इजा करण्याविषयी बोलत असेल, तर थांबू नये. 14416 या टेलि-मानस (मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर मराठीत निःशुल्क बोलता येते. तेथे आईने स्वतःसाठीही फोन करावा, हे तिला आवर्जून सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा येते. त्यांच्या तपासणीच्या यादीत वर्तनाच्या आणि शिकण्याच्या अडचणीही आहेत, परंतु शिक्षकांनी आधी नाव सुचवले नाही तर त्या घाईत गप्प मूल नजरेतून सुटते. दंगेखोर मूल सर्वांना दिसते.

उत्तर ४
ग्रामपंचायत सदस्य, चंद्रपूर जिल्हा

पैशांचा मुद्दा कोणी घेतला नाही, म्हणून लिहितो. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करायची असते. बहुतेक ठिकाणी ती वर्षअखेरीस घाईने कसल्या तरी खरेदीत जाते. ग्रामसभेत आधीच मागणी नोंदवली तर सभामंडपातील मेळाव्याला सतरंजी, दिवे आणि मुलांची खेळणी त्यातून घेता येतात.

दुसरे, त्या मुलाला बालसंगोपन योजना लागू होते का, हे आधी पाहा. एक पालक गमावलेल्या मुलाला दरमहा 2,250 रुपये मिळू शकतात. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचे बोनाफाइड आणि बँक पासबुक गोळा करून जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज जातो. आईला एकटीला तहसीलच्या चकरा मारायला लावू नका. बरोबर जाणारा माणूस याच बैठकीत ठरवा. घरात पुढच्या महिन्याची चिंता असताना पालकत्वावरचे मार्गदर्शन कानावरून जाते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. सेविकाताई आणि आशाताईंशी बोलले. पुढच्या आरोग्य दिवसाला लसीकरणानंतर बसण्याचे ठरले आहे. आईला विचारले तेव्हा तिने मदतनीस मावशींचे नाव घेतले, जे आमच्यापैकी कोणाच्याच मनात नव्हते. बालसंगोपनच्या अर्जाची कागदपत्रे ग्रामपंचायत सदस्या पाहत आहेत. एक शंका उरली आहे: दिवाळीनंतर आमच्याकडील काही कुटुंबे वीटभट्टीवर जातात. तेव्हा हा धागा कसा टिकवावा?

उत्तर १, पुन्हा
निवृत्त मुख्यसेविका, वर्धा जिल्हा

शाळकरी मुलासाठी शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत दाखवायचे कार्ड) भरून द्या, आणि त्यावरच्या नोंदी पुरेशा समजू नका. भट्टी कोणत्या गावच्या हद्दीत आहे हे निघण्यापूर्वी विचारून तेथील शाळेला व अंगणवाडीला स्वतः फोन करावा. नाव, इयत्ता आणि "हे मूल हळूहळू बोलते होते, घाई करू नका", एवढे सांगितले तरी चालते. आपल्या मदतनीस मावशींचा क्रमांक आईच्या फोनमध्ये जतन करून द्यावा. आजी गावातच राहत असेल तर मूलही तिच्याजवळ राहू शकते का, हे कुटुंबाशी दिवाळीपूर्वीच बोलून घ्यावे. मात्र हे मूल आईला सोडायला तयार नसेल तर तो आग्रह धरू नये.