आपल्याकडच्या इसरलेल्या गोष्टी: अचलपूर, परतवाडा, अंजनगाव

परवा परतवाड्याच्या टपरीवर एका पोट्ट्यानं विचारलं, "काका, शकुंतला कोन होती?" हसू आलं, मग जीव चुटपुटला. म्हणून हा धागा. तुमच्या घरात, वाडीत ऐकलेलं लिहा. सुरुवात मीच करतो.

शकुंतला म्हणजे आपली छोटी आगगाडी. मामाचं गाव पथ्रोट, त्यामुळं दर सुट्टीत शकुंतला. अडीच फुटी रूळ, अचलपूर ते मुर्तिजापूर 76 किलोमीटर आणि चार तास. गार्डच खाली उतरून तिकीट फाडायचा. चालत्या गाडीतून उतरून हरभरा उपटायचा आन् परत चढायचं, असं सगळेच सांगतात. मी तरी पाहिलं नाही. थांबलेल्या गाडीतून उतरून आजीनं घाटे आणले, ते मात्र मी खाल्ले. 1921 सालचं मँचेस्टरचं वाफेचं इंजिन 1994 मध्ये गेलं, डिझेल आलं. गंमत पुढंच आहे: रूळ खासगी कंपनीचे! इंग्रज गेले तरी आपली रेल्वे त्या कंपनीला पैसे मोजत होती. हे मला चाळिशीत कळलं.

---

मी अंजनगावचा. शाळेत 'सुर्जी-अंजनगावचा तह' आला तेव्हा आम्ही तो पानिपतासारखा कुठला तरी लांबचा मामला समजून पाठ करत होतो. सरांनी खडू खाली ठेवला. "अबे, हे सुर्जी म्हंजे तुही मावशी राह्यते ते सुर्जी!" वर्गात शांतता. मी रोज सकाळी पानमळ्यात पानं खुडून शाळेत येणारा, आणि शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला तो आमच्याच गावात, 30 डिसेंबर 1803 ला. मग सरांनी फळ्यावर उलटं मोजलं: 17 ला देवगावात भोसल्यांचा तह, 15 ला गाविलगड पडला, 29 नोव्हेंबरला अडगावची लढाई. एका महिन्यात सगळं आटोपलं, आणि तेही सायकलवर जाता येईल एवढ्या टापूत (गाविलगडचा घाट सोडा). परीक्षेत त्यावर दोन मार्कांचा प्रश्न आला.

---

थोडक्यात सांगते. आमचे आजोबा पत्रावर 'जिल्हा अचलपूर' लिहायचे. जिल्हा 1905 लाच मोडून अमरावतीत घातला, आजोबा जन्मले त्याच्यानंतर. तरी लिहायचे. पत्रं पोचायची.

---

हौज कटोरा कोणीच काढला नाही? कोरड्या तळ्याच्या मधोमध आठ कोनांची इमारत. आम्ही तिथं बकऱ्या नेत होतो. आत हाक मारली की आपलाच आवाज मोठा होऊन परत यायचा, त्या नादात एकदा बकरी हरवली आणि संध्याकाळी मार खाल्ला. तळ्याच्या पोटात असं कोणी का बांधावं, हा प्रश्न तेव्हा सुचलाच नाही. बहमनी काळातलं काम आहे, हे नोकरी लागल्यावर हैदराबादच्या एका पाहुण्याला दाखवताना त्याच्याकडूनच समजलं. घरी येऊन आईला सांगितलं.

"बहमनी असो का कोनी," ती म्हणाली, "सावली मस्त पडे त्याची. बकऱ्या उठता उठत नसत."